अनुक्रमणिका आधी की प्रबंध?



स्मृतिव्याख्यान म्हटले की वक्त्याने लोकशाही, संस्कृती, मराठीचे भवितव्य असा दणदणीत विषय घ्यावा अशी अपेक्षा असते. पीएच.डी.चा प्रबंध कसा आखावा आणि कसा लिहावा यावर बोलतो म्हटल्यावर संयोजकांपैकी एका स्नेह्यांनी अदबीने विचारले, ‘सर, ही विद्यार्थ्यांची कार्यशाळा नाही का होणार?’ एके काळी झाली असती. आज तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी, बार्टी, सारथी किंवा महाज्योतीच्या अधिछात्रवृत्तीवर अभ्यास करणारी, घरात आधी कोणी कॉलेजची पायरी न चढलेली मुले-मुली पीएच.डी.ची नोंदणी करतात. आई शेजारणीला अभिमानाने सांगते, ‘आमची पुस्तक लिहितेय.’ आणि रात्री मुलीला हळूच विचारते, ‘संपणार कधी गं ते?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर ते चारचौघांत दिलेले बरे.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो ते सर कोणाचाही प्रबंध हातात आला की आधी अनुक्रमणिका वाचत. पुष्कळदा तिथेच थांबत आणि प्रबंध मिटून ठेवत. तेव्हा आम्हाला तो त्यांचा खवचटपणा वाटे. पुढे स्वतः मार्गदर्शक झालो, बाहेरचा परीक्षक म्हणून गठ्ठे घरी यायला लागले, तेव्हा पटले की अनुक्रमणिकेच्या दीड पानात प्रबंधाची कुंडली असते. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे. आपल्याकडचे बहुसंख्य प्रबंध वाचन कमी पडल्यामुळे किंवा आळसामुळे अडत नाहीत. त्यांची अनुक्रमणिका फार लवकर ठरते, आणि एकदा ठरली की कोणी तिला हात लावत नाही.

ती कशी ठरते ते इथल्या प्राध्यापकांना ठाऊक आहे. नोंदणीसाठी आराखडा, म्हणजे सिनॉप्सिस, द्यावा लागतो. मागच्या वर्षीच्या कोणाचा तरी घेतला जातो. शीर्षकाच्या शेवटी ‘एक चिकित्सक अभ्यास’ येते. मराठीचा प्रबंध असेल तर पहिले प्रकरण लेखकाचे जीवन आणि व्यक्तिमत्त्व, मग प्रेरणा, मग कथा, मग कादंबरी, मग भाषाशैली, शेवटी उपसंहार. समाजशास्त्राचा असेल तर दुसऱ्या प्रकरणात तालुक्याची भौगोलिक पार्श्वभूमी. स्त्रियांच्या बचत गटांवरच्या प्रबंधात मी नद्यांची नावे आणि सरासरी पर्जन्यमान वाचलेले आहे. पावसाचा आणि बचतीचा संबंध असू शकतो, कोरडवाहू गावात तो असतोच. पण त्या प्रबंधात पुढे पाऊस एकदाही पडला नाही.

आता एक वेगळी अनुक्रमणिका पाहू. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेतल्या हालअपेष्टांच्या कथा आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. लंडनमधली खोली, अर्धपोटी राहणे, ग्रंथालयातली सकाळपासून संध्याकाळपर्यंतची बैठक. त्या खऱ्या आहेत, पण त्यांनी आपले लक्ष एका गोष्टीवरून उडवले आहे. तो माणूस प्रबंध कसा रचत होता हे आपण कधी पाहत नाही. कोलंबिया विद्यापीठासाठीचा त्यांचा ‘द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया’ हा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनाने छापला. कोलंबियातले त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांची त्याला प्रस्तावना आहे. छापील प्रती दिल्याशिवाय कोलंबिया पदवी देत नसे, त्यामुळे पीएच.डी. अधिकृतपणे मिळाली ती १९२७ मध्ये.

या ग्रंथाचे चार भाग आहेत: उगम, विकास, यंत्रणा, आणि १९१९ च्या कायद्याखालची प्रांतिक वित्तव्यवस्था. एवढ्यावर ही अनुक्रमणिका साधीच वाटते. गंमत दुसऱ्या भागात आहे. त्यात तीन प्रकरणे. पहिल्यात १८७१ पासून प्रांतांना ठोक रकमा नेमून दिल्या जात होत्या तो काळ. दुसऱ्यात १८७७ पासून काही महसुलाच्या बाबीच प्रांतांच्या हवाली केल्या तो काळ. तिसऱ्यात १८८२ पासून केंद्र आणि प्रांत महसूल वाटून घेऊ लागले तो, १९२०-२१ पर्यंतचा काळ. वरवर पाहता हा कालक्रम आहे. पण आंबेडकरांनी व्हॉइसरॉयांच्या कारकिर्दींप्रमाणे प्रकरणे पाडली नाहीत. मेयो, लिटन, रिपन अशी प्रकरणे पाडणे किती सोपे होते! त्यांनी प्रकरण तिथे तोडले जिथे पैसे देण्याची रीत बदलली.

रीत का बदलली? १८३३ च्या सनदी कायद्याने तिजोरीची सत्ता एका हाती गेली. खर्च प्रांतांनी करायचा, पैसा वरून यायचा. वसुलीची जबाबदारी नसलेल्या प्रांताला काटकसर कशाला सुचेल? जो जास्त आरडाओरडा करील त्याला जास्त. १८५७ नंतर तिजोरीत खडखडाट झाला तेव्हा हे परवडेनासे झाले. डिसेंबर १८७० मध्ये मेयोच्या ठरावाने तुरुंग, पोलीस, शिक्षण अशी खाती ठरावीक रकमेसह प्रांतांकडे सोपवली गेली. पण खात्यांचा खर्च वाढतो आणि ठरावीक रक्कम वाढत नाही, म्हणून १८७७ मध्ये वाढू शकणाऱ्या महसुलाच्या बाबी दिल्या. त्याही सगळीकडे पुरेनात, आणि केंद्रालाही वाढत्या महसुलावर पाणी सोडायचे नव्हते, म्हणून १८८२ मध्ये वाटणी आली. आधीच्या व्यवस्थेतली खोट हेच पुढच्या प्रकरणाचे दार. प्रकरणांची शीर्षके ओळीने वाचली तर युक्तिवाद वाचून होतो. मी माझ्या विद्यार्थ्यांना हेच करायला सांगतो. प्रकरणांची शीर्षके एकाखाली एक मोठ्याने वाचा. त्यांचा एक परिच्छेद होतो का? प्रकरण तीन आणि प्रकरण चार यांची अदलाबदल केली तर कोणाच्या लक्षात येईल का? येणार नसेल, तर तुमच्याकडे सामग्री आहे, प्रबंध नाही.

ही अनुक्रमणिका पहिल्या दिवशी तयार नव्हती. तशी ती असणेच शक्य नव्हते. १९१६ च्या जून महिन्यात आंबेडकरांनी न्यूयॉर्क सोडले तेव्हा त्यांच्या कोलंबियातल्या प्रबंधाचे नाव होते ‘नॅशनल डिव्हिडंड ऑफ इंडिया’, म्हणजे अख्ख्या देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाची बाब. १९२१ मध्ये लंडनला एम.एस्सी.साठी त्यांनी साम्राज्याच्या वित्तव्यवस्थेचे प्रांतिक विकेंद्रीकरण हा विषय घेतला. आणि १९२५ च्या ग्रंथाचा चौथा भाग ज्या कायद्यावर उभा आहे तो कायदा १९१६ मध्ये जन्मालाच आला नव्हता. मधल्या काळात बडोद्याची शिष्यवृत्ती संपली, १९१७ मध्ये परतताना सामान ज्या जहाजात होते ते बुडाले आणि त्यात पुस्तके गेली, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी झाली, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेऊन १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठावे लागले. या सगळ्यातून विषय लहान होत गेला. देशाचे उत्पन्न, मग वित्तव्यवस्था, मग केंद्र आणि प्रांत यांच्यातला एक व्यवहार. लहान होता होता तो खोल गेला.

विषय लहान करणे म्हणजे काय, ते आपल्या मातीतल्या उदाहरणाने सांगतो. समजा एखादी विद्यार्थिनी म्हणाली, मला ‘महाराष्ट्रातील रोजगार हमी योजना’ करायची आहे. विषय उत्तम. १९७२-७३ च्या दुष्काळातून योजना आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पण यात प्रश्न कुठे आहे? मी तिला म्हणेन, तुझ्याच तालुक्यातल्या दोन कामांचे हजेरीपट मिळतात का बघ. एक पाझर तलावाचे, एक रस्त्याचे. मजुरी मोजमापावर होती, माणसे टोळीने काम करायची, पुरुष खणणार आणि बायका पाट्या वाहणार. दोन्ही कामांवर बायकांचे प्रमाण सारखेच आहे की वेगळे? वेगळे असेल तर कशाने? कामाच्या जातीने, गावापासूनच्या अंतराने, मुकादमाने, की पेरणीच्या हंगामाने? आता हजेरीपट कुठे मिळतील, कोणत्या वर्षांचे हवेत, हयात असलेल्या कोणत्या बायकांना भेटायचे, हे सगळे प्रश्नच ठरवून देतो. नियोजन म्हणतात ते हे. भिंतीवर लावलेले रंगीत वेळापत्रक त्याच्या नंतर येते, आणि खरे सांगायचे तर नाही आले तरी चालते.

प्रश्नाची एक कसोटी मला फार उपयोगी वाटते: त्याचे उत्तर ‘नाही’ असे येऊ शकते का? ‘बचत गटांमुळे स्त्रियांचे सक्षमीकरण झाले आहे’ असे गृहीतक मांडून शेवटी ‘गृहीतक सिद्ध झाले’ लिहिणारे प्रबंध मी इतके पाहिले आहेत की, गृहीतक पडल्याचे एखाद्यात दिसले तर पेढे वाटावेसे वाटतात. असे एक जुने उदाहरण आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या, तिथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, मानववंशशास्त्राच्या कैसर विल्हेल्म संस्थेचे प्रमुख. मोठा दबदबा असलेला माणूस, आणि वंशश्रेष्ठतेच्या विचाराचा. युरोपीय माणसाच्या कवटीची डावी-उजवी बाजू इतर वंशांपेक्षा अधिक विषम असते, आणि त्याचा बुद्धीशी संबंध आहे, असे त्यांचे अनुमान होते. कर्वेबाईंना काम मिळाले ते कवट्या मोजण्याचे. त्यांनी मोजल्या, आणि तसा फरक दिसत नाही असे लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, मार्गदर्शकाच्याच संस्थेत बसून. आपल्याकडे मार्गदर्शकाचे मत खोडणारे वाक्य विद्यार्थी तळटीपेतसुद्धा घालायला धजत नाही. त्याचा दोष मी विद्यार्थ्याला देणार नाही. सही कोणाची लागते हे त्याला माहीत असते.

आता लेखनाकडे येतो. आपल्याकडे एक सर्वमान्य समजूत अशी की आधी सगळे वाचायचे, मग सगळी माहिती गोळा करायची, मग एक दिवस ‘लिहायला बसायचे’. शेवटच्या वर्षी रजा टाकून लिहायला बसलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या टेबलावर झेरॉक्सचे ढीग असतात आणि पहिल्या प्रकरणाचे पहिले पान कोरे असते. कारण ते प्रस्तावनेपासून सुरुवात करतात. जे अजून लिहिलेच नाही त्याची प्रस्तावना कशी करणार? ज्या प्रकरणाचा पुरावा तुमच्या हातात सर्वांत घट्ट आहे ते आधी लिहा, मग ते तिसरे असो की पाचवे. लिहिताना कळते की दोन तारखा जुळत नाहीत, एका तक्त्यातली बेरीज दुसऱ्यात निघत नाही, आणि ज्याला आपण कारण म्हणत होतो ते नुसते त्याच वेळी घडलेले काहीतरी आहे. हे वाचताना कळत नाही. म्हणून पहिल्या वर्षापासून लिहायचे, वाईट लिहायचे, आणि अनुक्रमणिका दर सहामाही प्रगती अहवालाबरोबर नव्याने मांडायची. शीर्षक बदलावे लागले तर शीर्षकबदलाचा अर्ज करायचा. ‘कशाला ती भानगड’ असे मार्गदर्शक म्हणतील. भानगड आहेच, पण चुकीच्या शीर्षकाखाली काढलेल्या चार वर्षांपेक्षा लहान आहे.

एकच सामग्री दोनदा लिहिली तर काय होते याचे उदाहरण मुंबई विद्यापीठानेच दिले आहे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास हे मुंबईत गोविंद सदाशिव घुर्यांचे विद्यार्थी. कूर्ग लोकांवरचा जाडजूड प्रबंध लिहून त्यांनी १९४४ मध्ये मुंबईची पीएच.डी. मिळवली. माहितीचा खजिनाच होता तो. मग ते ऑक्सफर्डला गेले. तिथे मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांच्याकडे त्याच कूर्ग सामग्रीकडे पुन्हा पाहिले गेले, पण आता प्रश्न बदलला होता. चालीरीती कोणत्या, हे आधीच लिहून झाले होते. धर्म त्या समाजाची वीण कशी धरून ठेवतो, हे आता विचारायचे होते. १९४७ मध्ये डी.फिल. झाली, १९५२ मध्ये पुस्तक आले, आणि त्या पुस्तकातून ‘संस्कृतीकरण’ ही कल्पना समाजशास्त्राला मिळाली. टिपणे तीच होती. घुर्यांवर यातून टीका होते असे कोणी समजू नये; टिपणे इतकी भरगच्च असावीत हा आग्रह त्यांच्याच शाळेचा होता.

श्रीनिवासांचे नाव निघाले म्हणून टिपणांविषयी एक गोष्ट सांगून टाकतो, जरी ती त्यांच्या प्रबंधाची नाही. रामपुरा या गावावरची त्यांची अनेक वर्षांत तयार झालेली टिपणे स्टॅनफर्डला होती. २४ एप्रिल १९७० रोजी तिथे आग लावली गेली आणि त्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. प्रती तीन होत्या, पण एकाच ठिकाणी होत्या. ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ त्यांनी मग स्मरणातून लिहिले. तेवढी स्मरणशक्ती आपल्याला नाही असे समजून प्रत दुसऱ्या घरी ठेवावी.

पूर्वसंशोधनाचा आढावा हे प्रकरण मी घाईने उरकणार आहे, कारण आपले बहुतेक प्रबंध तिथे उगाच रेंगाळतात. अमुक यांनी १९९८ मध्ये असे म्हटले, तमुक यांनी २००३ मध्ये तसे म्हटले. लग्नात आहेराची यादी वाचावी तसे ते वाचले जाते. आढाव्याचे काम एकच: माझ्या प्रश्नाचे उत्तर आजवर कोणी कुठपर्यंत दिले आणि ते मला का पुरत नाही. यादीतूनच उचलेगिरी सुरू होते, हेही सांगायला हवे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, आणि ६० टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणी रद्द, अशा पायऱ्या ठरवल्या. त्यातून आता टक्के उतरवून देण्याचा धंदा निघाला आहे. ‘महत्त्वाचा’च्या जागी ‘महत्त्वपूर्ण’ घातले की टक्का उतरतो, विचार मात्र दुसऱ्याचाच राहतो. हल्ली तर यंत्राला सांगितले की ते अख्खे प्रकरण गुळगुळीत करून देते. त्यातली चूक शोधायला ज्याने स्वतः लिहिले असते तोच लागतो, आणि तो तर कोणी झालाच नाही.

मतभेद कसा लिहावा, हे पाहायचे तर पुन्हा आंबेडकरांकडेच जावे लागते. लंडनच्या डी.एस्सी.साठीचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध त्यांनी ऑक्टोबर १९२२ मध्ये दिला. त्यात समोर उभे आहेत अर्थशास्त्रज्ञ केन्स. १९१३ च्या पुस्तकात केन्स यांनी हिंदुस्थानच्या सुवर्ण विनिमय परिमाणाची तरफदारी केली होती. आंबेडकर म्हणतात, या व्यवस्थेत रुपये किती पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर राहते, त्यामुळे किमती स्थिर राहत नाहीत आणि त्याची झळ गरिबाला बसते. हे सांगण्याआधी त्यांनी १८३५ चे रौप्य परिमाण, १८९३ मध्ये टांकसाळी लोकांसाठी बंद होणे, १८९८ ची फाउलर समिती, हे सगळे टप्पे अशा रीतीने मांडले आहेत की केन्सचा समर्थकही ‘माझी बाजू नीट मांडली नाही’ असे म्हणू शकत नाही. विरोधकाची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडायची आणि मग ती पाडायची. आमचे विद्यार्थी विरोधकाला एका ओळीत गुंडाळतात आणि स्वतःला मान्य असलेल्याला दहा पाने देतात.

मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो प्रबंध पुन्हा लिहून द्यायला सांगितले. पैसे संपत आले होते. आंबेडकर मुंबईला परतले, इथे बसून त्यांनी तो नव्याने लिहिला आणि लंडनला पाठवला. निष्कर्ष त्यांनी सोडले नाहीत असे चरित्रकार सांगतात. वर्षअखेरीस पदवी मिळाली आणि ग्रंथही निघाला. त्याला प्रस्तावना लिहिली त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी, आणि तीत लेखकाशी असलेले आपले मतभेद त्यांनी उघड नोंदवले. मार्गदर्शक विद्यार्थ्याच्या ग्रंथाची पाठराखण करतो आणि त्याच पानांवर असहमतीही लिहितो, हे आपल्या विद्यापीठांत मला अजून पाहायचे आहे. ‘पुनर्लेखन’ असा शेरा आला की आमच्याकडे घरात सुतक पडते. खरे तर तो शेरा म्हणजे कोणीतरी प्रबंध शेवटपर्यंत वाचल्याचा पुरावा. बंद दाराआड ‘उत्तम’ लिहून चहा घेऊन गेलेला परीक्षक मला जास्त धोक्याचा वाटतो.

वेळेचे बोलायचे राहिले. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन वर्षे, कमाल सहा, स्त्रियांना आणि अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची सवलत. ही सवलत योग्यच आहे. पण मघाच्या त्या मुलीने ‘संपणार कधी?’ याला आईला काय सांगावे? माझ्या मते असे: प्रश्नाचे उत्तर मिळाले की. विषय कधीच संपत नाही, त्यामुळे विषय घेऊन बसलेल्याला थांबायची जागा सापडत नाही. प्रश्नाला शेवट असतो. रुपयाचा प्रबंध १९२३ ला थांबतो, रुपया थांबला नाही. दोन वर्षांतच चलनाच्या प्रश्नावर हिल्टन यंग आयोग नेमला गेला, आणि आंबेडकरांनी त्याच्यापुढे साक्ष दिली. १९४७ मध्ये त्याच ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा त्यांनी जुन्या मजकुरात पंचवीस वर्षांची भर घुसडली नाही. त्याला ‘हिस्टरी ऑफ इंडियन करन्सी अँड बँकिंग’चा पहिला खंड म्हटले आणि १९२३ नंतरचे दुसऱ्या खंडात येईल असे सांगितले. त्याच ऑगस्टमध्ये ते कायदेमंत्री झाले, पाठोपाठ राज्यघटनेचे काम आले, आणि दुसरा खंड लिहून झाला नाही.

मी इथे थांबतो. कोणाचे प्रश्न असतील तर घेऊ, आणि कोणी अनुक्रमणिका बरोबर आणली असेल तर तीही पाहू.